फळा चुलीजवळ

आमच्या गावच्या शाळेत मी खिचडी शिजवते. गाव शहादा तालुक्यातलं, शाळा दोन खोल्यांची आणि माझी स्वयंपाकाची पत्र्याची खोली वर्गाच्या दारासमोरच. मी चौथी शिकले. पुढे कोणी पाठवलं नाही, मीही हट्ट धरला नाही.

गुरुजी नवे होते. मुलांचं लक्ष लागावं म्हणून आधी डोळे मिटून लांब श्वास घ्यायला लावायचे, असं ते प्रशिक्षणात शिकून आले होते. त्यांनी मुलांना डोळे मिटायला लावले. नेमकी तेव्हाच मी लसूण-मिरचीची फोडणी टाकली. मुलांनी फार मनापासून श्वास घेतले. गुरुजींनी मला फोडणी उशिरा टाकायला सांगितली. मग मुलं फोडणी अजून का पडली नाही म्हणून दाराकडे बघत बसली.

सगळ्यात जास्त बघायची ती तिसरीतली पावरा आदिवासी घरातली एक पोरगी. वर्गात तोंड उघडत नसे. दिवाळीनंतर तिचे आईबाप ऊस तोडायला गुजरातेत जातात. बापाने गुरुजींना विचारलं, शिकते का? गुरुजी खोटं बोलत नसत. म्हणाले, लक्ष नाही. बाप म्हणाला, मग यंदा सोबत नेतो, लहान भावाला सांभाळेल.

गुरुजी माझ्या दारात येऊन उभे राहिले. चूल शाळेमागे न्या म्हणाले. मागे छप्पर नाही, पाणी नाही. माझं डोकं फिरलं.

"गुरुजी, पोरे आठेच देखतस. मंग तुमना फळाच आठे लई या."

फळाच इकडे घेऊन या, हे मी त्यांनी जावं म्हणून बोलले. त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या भिंतीला फळा ठोकला आणि मुलं वर्गाच्या ओट्यावर तिकडे तोंड करून बसवली. त्रास मला झाला. तांदूळ निवडताना पाढे ऐकायचे, आणि दारात उभी राहिले की फळा झाकला म्हणून ओरडा. वर गुरुजी मी काय करते तेच फळ्यावर लिहायचे, आणि मुलं मोठ्याने वाचायची.

एकदा त्यांनी लिहिलं, मावशी कांदा चिरते. ती पोरगी फळ्याकडे बघून माझ्याकडे बघू लागली.

"खोटं," ती म्हणाली. "मावशी तांदूळ धुते."

गुरुजींनी पुसून नीट लिहिलं. पुढे ते रोज एखादी ओळ मुद्दाम चुकीची लिहू लागले. ती एकही सोडत नसे.

निघायच्या आदल्या दिवशी बाप तिला न्यायला आला. गुरुजींनी तिला फळा वाचायला लावला. बापाला अक्षर येत नव्हतं. त्याने गुरुजींना न विचारता मला विचारलं, खरं वाचते का?

"बठ्ठं खरं वाचस," मी म्हटलं. "दोन जागी अडकनी."

 तो तिला त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी सांगून एकटाच गेला. काय म्हणाला, ते मी तिला विचारलं. म्हणाली, आजीजवळ राहा.

दुसऱ्या दिवशी तोडणीवाल्यांचा ट्रक शाळेवरून गेला. ती ओट्यावर बसून जेवत होती. मान वर करून तिने ट्रक दिसेनासा होईपर्यंत पाहिला. मग मला म्हणाली, खिचडीत मीठ कमी आहे.

मी चाखून पाहिली. कमीच होतं.