रिकाम्या हातानं जंगलात

रानात गेलेल्या बाईच्या डोक्यावर येताना काहीतरी असावं, हा आमच्याकडचा जुना कायदा. मोळी, गवताचा भारा, गेलाबाजार पळसाची पानं. रुख्मिणी मात्र दर रविवारी सोहोळच्या काळवीट अभयारण्यात रिकाम्या हातानं जायची आणि रिकाम्या हातानंच परतायची. आता सांगा, गावाला चैन कशी पडावी?

शेजारच्या चंदानं दोन तर्क काढले. एक, बाईला धन सापडलंय. दुसरा, अभयारण्याच्या फाटकावरच्या चौकीदार दौलतसिंगानं तिचं डोकं फिरवलंय. दुसरा जास्त चविष्ट, म्हणून तोच गावभर फिरला. दौलतसिंग रिटायरमेंटला टेकलेला, गुडघे धरून उठणारा माणूस. ही वार्ता कानी गेल्यावर तो आठवडाभर मिशीला तेल लावत होता म्हणतात.

खरी गोष्ट फारच साधी. वणवा अडवायला गवत कापून पट्टे काढतात, त्या मजुरीला रुख्मिणी तिकडे गेली होती. काम संपलं, तरी पाय तिकडेच वळत राहिले. "काय पाह्यजे बाई?" दौलतसिंगानं विचारलं, तेव्हा ती "चालाचं हाय," एवढंच म्हणाली.

चंदाची वार्ता शेवटी नवऱ्यापर्यंत, पुंजाजीपर्यंत पोचली.

"काय ठेवलं हाय व त्या रानात? या ऐतवारी मी येतो संगं. काई नसलं, तं तुयं जाणं बंद!"

 पुंजाजीचं आणि हरणांचं जन्माचं वैर. हरभऱ्याच्या राखणीत डबे बडवून त्याचा घसा असा तयार झालेला, की एक 'हुर्रर्र' ठोकली तर शेजारच्या शिवारातलीही जनावरं पळायची.

रविवारी वाटभर त्याची टकळी चालूच.

"इथं तं नुसतं गवत हाय."

"हो."

"अन् थे बोरीचं झाड. आपल्या वावराच्या धुऱ्यावर बोर नाई का?"

"हाय."

"मंग कायले एवढी तंगडतोड?"

"अवो, बसा, अन् तोंड बंद ठेवा जरासं."

लग्नानंतर पहिल्यांदाच त्यानं तिचं ऐकलं. तोंडात नुकताच तंबाखू टाकला होता म्हणून.

कोवळं ऊन गवतावर उतरलं आणि गवत हललं. आधी दिसली पिळाची शिंगं, मग काळीभोर मान, पांढरंशुभ्र पोट. काळवीट समोर येऊन थांबला आणि सरळ त्यांच्याकडे पाहू लागला. मागं अख्खा कळप.

रुख्मिणीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा हात वर गेलेला, छाती भरलेली, तोंड उघडलेलं. सवयच ती! झालं, तिला वाटलं, हा ओरडणार, अन् आपलं चालणं आजपासून संपलं.

आवाज आलाच नाही.

एक मादी उगाचच उसळली. मग दुसरी, मग सगळाच कळप. जमिनीनं त्यांना अलगद वर फेकावं आणि झेलावं तसा. गवतापलीकडे ते दिसेनासे झाले, तरी पुंजाजीचा हात वरच होता आणि तंबाखूचा ओघळ हनुवटीवर.

"रुखमे," तो कुजबुजला, "म्या आजलोक याईची पाठच पाह्यली व. तोंड कवाच नाई पाह्यलं."

चंदा दारातच टपलेली. "काय भेटलं भाऊजी?"

पावशेराची गोष्ट पायलीभर करून सांगणारा पुंजाजी "काई नाई" म्हणाला आणि घरात शिरला. चंदाची खात्रीच पटली: धनच सापडलं!

पुढच्या रविवारी रुख्मिणी निघाली, तर पुंजाजी आधीच चपला घालून उंबऱ्यावर उभा. ती थबकली. गेला रविवार सोडला, तर आजवर ती एकटीच चालली होती.

"येऊ का?" त्यानं विचारलं.

"या," ती म्हणाली. "पण माह्या मागं चाला. अन् थो तंबाखू घरीच ठेवा."

त्यानं डबी कोनाड्यात ठेवली.

"आज तं तोंड रिकामं हाय बरं," ती म्हणाली, "थे बंदच राहू द्या."