‘दुरुस्तीवाले’ गटातला पट्टा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. रुग्णालयाच्या तळघरातल्या खोलीत फायरवॉल सांभाळणारी बाई संगणकांच्या पत्त्यांचे गट तपासत होती. सहकारी तिला ‘फौजदारीण’ म्हणतात, अर्थात तिच्या माघारी. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

बाहेरच्या कोणत्या संगणकाला आतल्या कोणत्या यंत्रापर्यंत येऊ द्यायचं, हे फायरवॉलचे नियम ठरवतात. प्रत्येक पत्त्याला वेगळा नियम लिहिला तर नियमांचं रान माजतं. म्हणून तिने एकसारखं काम करणाऱ्यांचे गट केले. गटात पत्ता शिरला की त्या गटाची सगळी दारं त्याला उघडी. सोय यातच आहे आणि धोकाही.

‘दुरुस्तीवाले’ गटात एका पत्त्याच्या जागी शेकडो पत्त्यांचा अख्खा पट्टा दिसला. मूळ पत्ता तिच्या धाकट्या दिराचा. रक्ततपासणीची यंत्रं तो बाहेरून, इंटरनेटवरून दुरुस्त करतो. बदल ती रजेवर असताना झाला होता.

“त्यांचा फोन आला होता,” शेजारचा सहकारी म्हणाला. “म्हणाले, वहिनीला विचारलंय.”

“आणि तू मला विचारलंस?”

“घरचा माणूस, मॅडम...”

“तुझ्या घरचा की माझ्या?”

तिने नोंदी पाहिल्या. पट्ट्यातल्या एका अनोळखी पत्त्यावरून रुग्णांच्या अहवालांचं दार ठोठावलं गेलं होतं. ते दार दुसऱ्या गटाचं, म्हणून उघडलं नाही. तिने दिराला फोन लावला.

“आमच्या ऑफिसचा पत्ता रोज बदलतो, वहिनी. दर वेळी तुमची मनधरणी कोण करणार?”

“त्या पट्ट्यात आणखी कोण आहे?”

“इंटरनेटवाल्याची बाकी गिऱ्हाइकं असतील. मला काय ठाऊक!”

“म्हणजे किल्ली गल्लीभर वाटलीस. अहवालांकडे कोण गेलं होतं?”

“मी नाही. दादाची शपथ.”

“माझ्या नवऱ्याला मध्ये आणू नकोस. मला विचारलंस असंही तू सांगितलं होतंस.”

तो म्हणाला, “पट्टा काढलात तर माझं कंत्राट जाईल.”

“कायमचा पत्ता घे. तोवर दुरुस्तीला पायी ये.”

तिने पट्टा काढला. तो खरं बोलत असेलही. पण एकदा तिच्या नावावर खोटं खपवलेलं असल्याने आता ती पडताळल्याशिवाय काही मानणार नव्हती.

उद्या सकाळी दहा वाजता तो यंत्र दुरुस्त करायला स्वतः येतोय. फाटकावर त्याच्या नावाचा पास तयार आहे. पासावर सोबत राहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव घातलं आहे.