काढायचं नाही, हलवायचं

कुठलाही कागद हातात दिला की काका तो आधी उलटा करायचे. लग्नपत्रिका असो, नव्या कंडो फ्लॅटची जाहिरात असो. चष्मा कपाळावर, कागद नाकाशी. "मागे काय लिहिलंय ते बघू. पुढे सगळेच गोड बोलतात."

काका निवृत्त अकाउंटंट. पासिर रिस उपनगरात आमच्याच ब्लॉकमध्ये राहायचे आणि रोज सकाळी खाली दगडी टेबलाशी कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसायचे. तुमच्याही ब्लॉकखाली असा एक जण असेल. नसेल तर तुमचं नुकसान आहे.

मी तेव्हा बँकांवर भडकलेली होते. अजूनही आहे. शुल्क वाढवा, ॲप बंद पाडा, आपली माणसं हूं की चूं करत नाहीत. त्यातून एसआरएस खातं, म्हणजे निवृत्तीसाठी करसवलतीत साठवायचे पैसे. ते तर लोक पहिल्या बँकेत ठेवून विसरूनच जातात! म्हणून मी पत्रक काढलं: 'उठा, बँक बदला!' आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला वाटलं आणि काकांनाही नेऊन दिलं.

"काय क्रांतिताई, आज कुणाला खाली खेचायचंय?" म्हणत त्यांनी ते उलटं केलं. मागे कोरं. मग नाइलाजाने पुढचं वाचलं आणि कोपी खाली ठेवली.

"'पैसे काढा आणि नव्या बँकेत भरा.' हे कुणी सांगितलं तुला?"

"त्यात सांगायचं काय? खातं बदलायचं म्हणजे तसंच ना?"

"अगं बाई! हे साधं बचत खातं नाही. निवृत्तीच्या वयाआधी काढलेस तर दंड, वर कर. काढायचं नाही, हलवायचं. नव्या बँकेत अर्ज दे, ते जुन्या बँकेतून मागवून घेतात." मग हळूच, "कुणी केलं का हे?"

मी फोन उघडला. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचा मेसेज होता: 'पाया लेबारच्या बँकेत आलेय. तुझ्या पत्रकाप्रमाणे पैसे काढून टाकते.' मुलगी मार्गी लागली की नोकरी सोडायची, त्यासाठीची ती वहिनींची सगळी पुंजी. फोन लावला, उचलेनात.

काका उठले ते घरच्या स्लिपरवरच. एमआरटी मेट्रोत मी बँकांना शिव्या देत होते. ते म्हणाले, "बँकेचं नंतर बघू. आज बँकेचा काही दोष नाही."

बँकेत वहिनी काउंटरशी पेन घेऊन उभ्या. नाव लिहून झालं होतं, सही बाकी होती. काकांनी फॉर्म ओढून घेतला, आधी उलटा केला, मग फाडला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, कॅनॉट लाइक दॅट, लाह!"

"वहिनी, आमच्या ताईनेच धावत आणलं मला," काका धापा टाकत म्हणाले. "पत्रकात छपाईची चूक राहिली म्हणे."

छपाईची! ते पत्रक मी ऑफिसच्या प्रिंटरवर काढलं होतं. जगाला जाब विचारणारी मी, तिथे 'हो ना' म्हणून मान डोलावली. सुधारित पत्रक दुसऱ्या दिवशी वाटलं, पण चूक कुणाची ते त्यातही लिहिलं नाही. पुढच्या दोन वर्षांत काकांनी कधी विचारलं नाही. मी दिसले की फक्त गालात हसायचे.

यंदा मार्चमध्ये काका गेले. त्यांची आठवण काढायला मंडळाचे लोक जमले, तेव्हा वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिने काकांना आणलं म्हणून माझे पैसे वाचले."

मी उभी राहिले. "वहिनी, मी नाही आणलं. तेच मला ओढत घेऊन आले. आणि छपाईची चूक नव्हती. मला माहीतच नव्हतं, तरी छापलं."

वहिनींनी पदराने डोळे टिपले आणि हसल्या. "अगं, त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये सांगितलं त्यांनी मला. म्हणाले, पोरगी भली आहे, आपणहून सांगेल. तोवर आपल्याला काही माहीत नाही."

दोन वर्षं वाट पाहिली दोघांनी. मी सांगितलं, तेव्हा त्या दोघांपैकी ऐकायला एकट्या वहिनी उरल्या होत्या.