एवढी बाजू संपू दे

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करा. अक्षरही वेडंवाकडं आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि लिहायची सवय नाही. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात लोकांचे असे अनुभव येतात, ते मी वाचायचे आणि मनात म्हणायचे, रिकामपणाचे उद्योग. भूतखेत मी कधीच मानलं नाही. तासगावला असताना स्मशानावरून एकटी दळण घेऊन यायचे. त्यामुळे हे अंकाला पाठवेन की नाही, माहीत नाही. पण तोंडाने सांगणं मला जमत नाही, म्हणून लिहिते.

इथे अमेरिकेत, बॉस्टनजवळ श्रूजबरीला मी मुलगा नितीन, सून मृणाल आणि नात ईरा यांच्याबरोबर राहते... राहत होते. नितीन आता नाही.

नोकरी कॉम्प्युटरची, पण त्याला नाद जुन्या रेडिओचा. त्याच्या जन्माच्या आधी इथे एफएमवर रॉक गाण्यांची वेगळी स्टेशनं निघाली होती. त्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग तो गोळा करायचा.

"गाणी तर सगळी फोनवर मिळतात ना तुला?" मी म्हणायचे.

"गाण्यांसाठी नाही गं आई. तेव्हा रेडिओवरचा माणूस स्वतःच्या मनाने लावायचा. रेकॉर्डची अख्खी बाजू लावायचा, मध्ये तोंड उघडायचा नाही. मग हळू आवाजात सांगायचा, अमक्याचं कुत्रं हरवलंय, तमक्याला बॉस्टनला जायला कुणाच्या गाडीत जागा पाहिजे. आता सगळं मशीन ठरवतं."

"मग कुत्रं सापडलं का?"

"तेच तर टेपमध्ये नाही ना!" असं म्हणून हसायचा.

दोन घरं सोडून फ्रँक राहतो. ऐंशीच्या घरातला, एकटा. त्याने तरुणपणी हे कार्यक्रम मोठ्या चकत्यांच्या टेपवर उतरवले होते. त्याच्या रेडिओला वायर जोडायची सोय नव्हती, म्हणून स्वयंपाकघरात रेडिओपुढे माइक ठेवून. नितीनने त्याचं मशीन आणि टेपांची खोकी आमच्या बेसमेंटमध्ये आणली, लॅपटॉपवर उतरवायला. मशीन मध्येच बंद पडलं, तेव्हा दुरुस्तीचं बिल फ्रँकने भरलं. "पुढच्या पगाराला देतो," नितीन म्हणाला होता.

रोज संध्याकाळी मी जिन्यातून हाक मारायचे, "नितीन, गार होतंय रे!" खालून उत्तर यायचं, "आलो गं, एवढी बाजू संपू दे." बाजू म्हणजे वीसेक मिनिटं. मी भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवायचे.

त्या संध्याकाळी मी दोनदा हाक मारली. दुसऱ्यांदा म्हणाले, "पिठलं आळतंय रे, ये ना." उत्तर आलं नाही. खाली गाणं चालू होतं. म्हटलं, ऐकू गेलं नसेल. मृणाल ऑफिसमधून आली आणि त्याला बोलवायला खाली गेली. तोवर टेप संपली होती. तिचं सुटलेलं टोक मशीनवर फट फट आपटत होतं, आणि नितीन खुर्चीतच... हार्ट, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून मला एकच गोष्ट खात होती. माझी हाक त्याला ऐकू गेली का? की मी हाक मारत होते तेव्हा तो गेलेलाच होता?

मृणालने मशीन आणि खोकी फ्रँकला परत केली. बिलाचं मात्र तिला ठाऊक नव्हतं. ते मी माझ्यावर घेतलं. इथल्या दोन-तीन घरी मी पोळ्या करून देते, त्यातले पहिले वीस डॉलर घेऊन ईराबरोबर फ्रँककडे गेले. तो नको नको म्हणत होता. मी टेबलावर ठेवले. मग त्याने कॉफी केली आणि त्या दिवशी नितीनच्या मशीनवर होती तीच टेप लावली.

गाणं संपलं. रेडिओवाला काही बोलला, शेजारी कुणी झोपलंय अशा आवाजात. मागे भांडी वाजली. फ्रँकने बोट वर केलं.

"आजी, ही त्याची वाइफ आहे," ईरा म्हणाली. "शी इज डेड. ती डिशेस धुतेय."

म्हणजे तोही गाण्यांसाठी ऐकत नव्हता.

पुढचं गाणं संपलं. आणि त्या शांततेत लांबून, जिन्यातून यावा तसा माझा आवाज आला. "नितीन, गार होतंय रे!" थोड्या वेळाने, "पिठलं आळतंय रे, ये ना." आणि मग अगदी जवळून, "आलो गं. एवढी बाजू संपू दे."

ईराच्या हातातलं बिस्कीट खाली पडलं. "आजी... दॅट्स बाबा."

फ्रँकला काही कळेना. ईराने त्याला विचारलं, हे कधी रेकॉर्ड झालं? त्याने सांगितलं, हे आवाज पहिल्यापासून टेपवर आहेत. त्याची बायको म्हणायची, आपल्या रेडिओत दुसऱ्या कुठल्या देशाचं स्टेशन घुसलंय. दोघं त्या बाईची नक्कल करून हसायचे. "गाल ओताई रे," म्हातारा म्हणाला. माझी नक्कल!

नितीनच्या मित्राने मशीन तपासलं. माइक जोडलेलाच नव्हता, म्हणाला, चुकूनही काही टेप होणं शक्य नाही. ईराने फोनवर टेप उतरवून पाहिली. गाणी आली, भांडी आली, आम्ही दोघं नाही आलो. लॅपटॉपवर ती टेप उतरवायची नितीनची राहूनच गेली होती.

मृणालला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, त्या म्हाताऱ्याला आता काय आठवतंय?"

"तू एकदा ये तर ऐकायला."

"नाही येणार. तुम्हाला उत्तर मिळालं ना, आई? मी खाली जाऊन कितीतरी हाका मारल्या. मला नाही मिळालं." आणि ती भांडी घासत राहिली. मी तिला पुन्हा कधी म्हटलं नाही.

दर महिन्याला वीस डॉलर घेऊन मी जात राहिले. एकदम देता आले असते, पण मग जायला निमित्त काय उरलं असतं? आम्हाला एकमेकांची भाषा येत नाही. तो बोट वर करायचा त्याच्या बायकोसाठी, मी डोळे मिटायचे.

पण टेप जुनी आहे. वाजवली की तिची तपकिरी पूड मशीनवर पडते. फ्रँक ती कापसाने पुसतो. मागच्या वेळी नितीनचा "आलो गं" जेमतेम ऐकू आला, आणि भांड्यांचा आवाजही बारीक झाला होता. फ्रँकने बोट वर केलं आणि कान मशीनपाशी नेला. माझ्यासाठी लावायची म्हणून तो त्याचीही बायको पुसून टाकत होता.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. त्याने हाक ऐकली होती, एवढंच मी धरून आहे.

आज मी गेले. फ्रँक मशीनकडे वळला, तेव्हा मी मान हलवली. नको म्हटलं. बिलाचे उरलेले सगळे पैसे त्याच्या हातात ठेवले आणि त्याची मूठ मिटवली. नितीनचं देणं फिटलं.