शेवटच्या बाकावर मोठ्या बेन

बाजव्याच्या शाळेत मी गणित शिकवत होते तेव्हा नव्या मुख्याध्यापिका आल्या आणि माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसू लागल्या. तिथे बाईंना बेन म्हणतात, म्हणून या मोठ्या बेन. मधल्या सुट्टीनंतर मुलं गप्प का होतात, यावर आपण कृतिसंशोधन करतोय, वर्गातच करून बघून कारण शोधतोय, असं त्या म्हणाल्या. माझा विश्वास बसला नाही.

"संभाळजो, बेन. कुणाला तरी घरी बसवायचं असेल," शेजारच्या वर्गाचे सर म्हणाले. मलाही तेच वाटत होतं.

एके दिवशी मोठ्या बेननी मलाच मागे बसवलं आणि स्वतः अपूर्णांक शिकवले. तास संपल्यावर विचारलं, "माझं काय चुकलं?"

हा सापळाच असणार, म्हणून मी टाळाटाळ केली. पण त्या हलेनात. शेवटी म्हटलं, "तुम्ही सगळे प्रश्न पुढच्याच मुलांना विचारलेत. मागे कुणी ऐकत नव्हतं."

"मग उद्या पुन्हा बसा. मी मागून सुरुवात करते."

दुसऱ्या दिवशी मागची मुलं बोलली, अडखळत का होईना. शनिवारच्या शिक्षकांच्या बैठकीत मोठ्या बेननी आपली चूक सगळ्यांसमोर सांगितली आणि आम्हाला एकमेकांच्या वर्गात बसायला लावलं. कुणाचीही नोकरी गेली नाही. तरी त्या दारात दिसल्या की वर्षभर माझा हात फळ्यावर थबकायचा.