सिनेमाची मंडई

परवा पुण्यातल्या चित्रपट महोत्सवात रांगेत उभा असताना झणझणीत तर्रीचा वास आला आणि मी थेट गोंदियात पोचलो.

काही वर्षांपूर्वी तिथे पहिल्यांदाच असा महोत्सव भरला होता. जवळच्या बिरसी गावातल्या माझ्या आत्याला वाटलं, ही आपल्या दिवाळीनंतरच्या मंडईसारखीच जत्रा. मग लेकी-जावयांना बोलवायलाच हवं. गावोगावच्या बायांनी तेच केलं. सभागृहाबाहेर बांगड्या, जिलेबी, फुगे, सगळा बाजार लागला. आत्याही पोहे-तर्रीचं दुकान मांडून बसली. आतल्या खुर्च्या मात्र रिकाम्या.

आयोजक घामाघूम होऊन आत्याकडे आला. "बाई, लोक आत काऊन नाही येऊन राहिले?"

"येतीन ना. पाहुण्याईले उपाशी कसं पाठवू? तू बी खाऊन घे."

पोटं भरल्यावर सभागृह खचाखच भरलं. पडद्यावर बर्फाळ देशातली एक म्हातारी एकटीच जेवायला बसली, तशी आत्या ओरडली, "ओ बाई, एकटी कायले जेवून राहिली? मंडईले आमच्या घरी ये!" अख्खं सभागृह हसलं. मी लाजेने खुर्चीत बुडालो.

परवाच्या सिनेमातही कोणी एकटंच जेवत होतं. सभागृह चिडीचूप. मी वाट पाहत राहिलो, कोणीतरी हाक मारेल म्हणून.