अर्ध्यावर मिटलेलं पुस्तक

आमच्या पनवेलच्या चर्चचं, म्हणजे मंडळीचं, एक छोटं मासिक निघतं. त्याच्या शेवटच्या पानावर अठरा वर्षं मी ख्रिस्ती दृष्टिकोनातून पुस्तकांची आणि सिनेमांची परीक्षणं लिहिली. खाली शेरा असायचा: कुटुंबासाठी योग्य किंवा अयोग्य. उपासनेनंतर दारापाशी पुस्तकांचं टेबल लागतं. 'योग्य' असेल तेच त्यावर ठेवतात.

माझी पद्धत ठरलेली. हातात पेन्सिल. दारू दिसली की एक रेघ, शिवी आली की एक रेघ. पाच झाल्या की अयोग्य. थिएटरच्या अंधारातही मी तिकिटामागे रेघा मारल्यात. बायको म्हणायची, "सिनेमा बघताय की पंचनामा करताय?"

सहा वर्षांपूर्वी मंडळीतल्याच एका नर्सताईंनी आपल्या वडिलांवर पुस्तक लिहिलं. वडील खेड्यात सुवार्तिक, घरोघरी प्रभूचा संदेश सांगणारे. संध्याकाळी प्यायचे, बायकोला मारायचे, आणि सकाळच्या प्रार्थनेत खरोखर रडायचे. मी पुस्तक अर्ध्यावर मिटलं आणि 'अयोग्य' लिहिलं. टेबलावर ते आलंच नाही. ताईंनी पुढे उपासनेला येणं सोडलं.

पाच रेघा दुसऱ्याच प्रकरणात भरल्या होत्या. तरी वाचत राहिलो होतो, हे आज सांगतो. मिटलं ते वेगळ्या कारणाने. माझे वडील रविवारी उपासनेत गायन चालवायचे आणि एरवी तळोज्याच्या कारखान्यातून सुटले की पिऊन घरी यायचे. आईचा गाल पदराआड असायचा. हे पुस्तक लोकांनी वाचलं तर आमचं घर ओळखतील, ही भीती. तिला मी ख्रिस्ती दृष्टिकोन म्हणालो.

यंदा पूर्ण वाचलं, पेन्सिलशिवाय. उरलेल्या भागात मुलगी आजारी बापाची सेवा करते आणि एक दिवस त्याला तोंडावर सांगते की तू आईला मारलंस. बाप नाकारत नाही. पश्चात्तापाबद्दल इतकं खरं मी कुठल्याच प्रवचनात ऐकलेलं नाही. नवं परीक्षण लिहिलं. जुनं खोटं होतं आणि का होतं, ते पहिल्याच परिच्छेदात.

मंडळीच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, कागद वाचून बाजूला ठेवला.

"भाऊ, पाप प्रभूजवळ कबूल करा. मासिकात कशाला?"

"पाप केलं मासिकातच होतं."

"मुलं वाचतात हो."

"आपल्या बायबलात पिऊन तंबूत उघडा पडलेला म्हातारा आहे. तिथे मारू रेघा?"

"फार बोलायला लागलात."

"उशिराच लागलो, साहेब."

परीक्षण छापलं नाही. सदरही गेलं. मी परीक्षणाच्या झेरॉक्स काढल्या, प्रत्येकीवर सही केली आणि पुस्तकाच्या प्रती मागायला ताईंकडे गेलो.

"अर्धं पुस्तक वाचायला सहा वर्षं लागली तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

"हो."

प्रती दिल्या. चहा विचारला नाही.

रविवारी पुस्तक टेबलावर मधोमध आणि शेजारी माझे कागद ठेवून मी तिथेच उभा राहिलो. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एका वडीलजनांनी ते उचलायला हात पुढे केला.

"आधी वाचा, मग काढा," मी म्हणालो. हात मागे गेला.

आमच्या जुन्या शेजारच्या मावशी थांबल्या. चष्मा लावून त्यांनी माझा कागद शेवटपर्यंत वाचला.

"बापाबद्दल असं लिहितात का रे? देवमाणूस म्हणतात त्याला इथे."

"गायचे छान, मावशी. मारायचेही."

मावशींनी चष्मा काढून पिशवीत ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "तुझ्या आईच्या गालाला हळद मीच लावायचे."

त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं. मी दुसरी प्रत टेबलावर ठेवली.